ऑनलाइन द्राक्ष चर्चासत्रं: ऐकलेलं बागेपर्यंत कसं न्यायचं?

कादवाकाठ (धागाकर्ता)

मंडळी,

गोडी छाटणी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातली फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीय. आता पुढचे चार महिने रोज संध्याकाळी सातच्या सुमारास कुठलं ना कुठलं ऑनलाइन चर्चासत्र असणार. कधी संशोधन केंद्राचं, कधी कृषी विज्ञान केंद्राचं, कधी बागायतदार संघाचं, कधी औषध कंपनीचं. ग्रुपवर लिंका पडायला सुरुवात झाली आहे. या सत्रांमधून आपल्या बागेत नेमकं काय उतरतं, यावर मोकळेपणाने बोलावं म्हणून धागा काढतोय.

माझा अनुभव आधी सांगतो. २०२० च्या मार्चअखेर माल वेलीवर असताना लॉकडाऊन लागला. पुढे एप्रिलात खरड छाटणी (काढणीनंतर नव्या काड्यांसाठीची) झाली आणि सगळी चर्चासत्रं फोनवर आली. त्याआधी मला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. आता तेच शास्त्रज्ञ ओसरीवर बसून ऐकायला मिळत होते. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मी साठ-सत्तर सत्रं तरी ऐकली असतील. दोन वह्या भरल्या.

आणि नोव्हेंबरात, फुलोऱ्यात, डाऊनीनं, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीनं, दीड एकर मारलं.

औषध बरोबर होतं. वेळ बरोबर होती. वहीत मीच लिहिलेलं होतं, "२ ग्रॅम प्रति लिटर". माझा ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) एकरी २०० लिटर पाणी टाकतो. मी २०० लिटरला ४०० ग्रॅम टाकलं. बोलणाऱ्या सरांच्या डोक्यात होतं हेक्टरी १००० लिटर, म्हणजे एकरी ४०० लिटर, म्हणजे ८०० ग्रॅम. मी निम्मं औषध मारत होतो आणि त्यावर विश्वास ठेवून दोन फवारण्या काढल्या. त्या सत्रात स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचं प्रमाण लिहिलेलं होतं, हे मला चार महिन्यांनी रेकॉर्डिंग परत बघताना दिसलं.

तेव्हापासून मी सत्रं कमी केली आणि ऐकण्याची पद्धत बदलली. आता महिन्याला चार, फार तर पाच. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या प्लॉटची कुंडली लिहून ठेवली आहे: वाण, खुंट (ज्या मुळावर कलम केलंय तो), लागवडीचं अंतर, माती, पाण्याची ईसी (क्षारांचं प्रमाण), छाटणीची तारीख, ब्लोअरचं एकरी पाणी. सत्र सुरू होण्याआधी ते पान उघडं ठेवतो. पुढच्या पानाच्या मधोमध रेघ मारतो. डावीकडे वक्ता काय म्हणाला ते, उजवीकडे ते माझ्या बागेला लागू होतं का आणि किती. उजवी बाजू कोरी राहिली तर त्या ओळीवर मी काहीच करत नाही. ती ओळ म्हणजे पुढचा प्रश्न.

तुम्ही कसं करता? प्रश्न कसे विचारता, टिपणं कशी ठेवता, घरात आणि मजुरांपर्यंत ते कसं पोचवता?

---

आडगावची_सून

वाचतेय. तुमच्या दीड एकराचं वाचून पोटात कालवलं. पाण्याचं प्रमाण हा मुद्दा मी आजच आमच्या घरी दाखवणार आहे.

---

शेतनोंद

कादवाकाठ दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी कृषी पदवीधर आहे, निफाड भागात सल्ल्याचं काम करतो. थोडी भर घालतो, कारण नुसतं "एकरी ४०० लिटर धरा" असं कुणी वाचलं तरी घोळ होईल.

पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळा नुकताच फुटताना, किंवा तीन-चार पानांवर कॅनोपी (वेलीचा पानोरा) एवढीशी असते. तिथे ४०० लिटर पाणी टाकलं तर निम्मं जमिनीवर जाईल. फुलोऱ्यात, मणी सेट होताना पाणी जास्त लागतं. म्हणून वक्त्याला विचारायचा प्रश्न असा: "हे प्रमाण एकरी किती, आणि कुठल्या अवस्थेला किती पाण्यातून?" एकरी ग्रॅम कळले की पाणी तुमच्या ब्लोअरप्रमाणे.

पण घड बुडवायचे असतील, म्हणजे जीएचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं) डिपिंग, तर उलट आहे. तिथे द्रावणाची तीव्रताच महत्त्वाची, एकराशी संबंध नाही. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध जीए टाकलं की १० पीपीएम. फवारणी एकरात मोजायची, डिपिंग लिटरात. एकाच सत्रात दोन्ही विषय येतात आणि ऐकणारा दोन्ही एकाच मापानं लिहून घेतो. मी सत्रात असलो की हे दोनदा सांगतो, तरी दुसऱ्या दिवशी तोच फोन येतो.

---

कादवाकाठ

शेतनोंद, हे माझ्याही वहीत नव्हतं. लिहून घेतलं.

---

बोरामणीचे_काका

मी सोलापूरकडचा. चाळीस वर्षं द्राक्षात आहे. राग मानू नका, पण माझं मत वेगळं आहे.

आमच्या भागात नान्नजला सोनाका आणि शरद सीडलेससारखे वाण बागायतदाराच्या मळ्यातून निघाले. तासगावकडे तास-ए-गणेश असाच थॉमसन वाणाच्या बागेत वेगळा वेल नजरेला पडला म्हणून निघाला. हे वेलीजवळ उभं राहून बघण्यातून झालं. काडी हातात घेतल्याशिवाय ती पक्व झाली का कळत नाही, वाकवून बघावी लागते. डोळा फुगलाय का ते बोटाला कळतं. पडद्यावर सगळ्यांच्या बागा हिरव्यागार दिसतात. आमच्या वेळी शिवारफेरी असायची. वीस जण एका बागेत उभे राहायचे आणि मालकाला तोंडावर सांगायचे, तुझं इथं चुकलं. ते ऑनलाइन होत नाही.

---

मणेराजुरीची_लेक

काका, तुमचं पटतं. काडी बोटानंच कळते. पण काका, त्या शिवारफेरीला बाया किती असायच्या?

मी तासगाव तालुक्यातली. लग्नाआधी वडिलांच्या बागेत, आता सासरच्या बागेत. फेरी आमच्याच मळ्यात असली तरी मी चहा करत असायचे. द्राक्षाबद्दल शास्त्रज्ञ बोलताना मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते फोनवर, रात्री भांडी झाल्यावर, कानात इअरफोन घालून. त्या सत्रात मी पहिला प्रश्न टाइप केला तेव्हा बोटं थरथरत होती. सरांनी नाव वाचलं, "ताई, चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि पाच मिनिटं समजावलं. देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाचा देठ तपासून वेलीतली अन्नद्रव्यं मोजण्याचा, प्रश्न होता. खरड छाटणीनंतर काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा आणि गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. आमच्याकडे दोन्ही वेळा हाताला येईल ते पान तोडून लॅबला देत होते. अहवाल यायचा, त्यावरून खतं टाकायचो, आणि नमुनाच चुकीचा.

म्हणून म्हणते, शिवारफेरी हवीच. पण ज्यांना फेरीत उभं राहायला जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी हे दार उघडलंय.

---

बोरामणीचे_काका

पोरी, बरोबर बोललीस. मी माझ्या बाजूनं बघत होतो. आमच्या फेऱ्यांना बाया नसायच्याच, आणि आम्हाला कधी तसं सुचलंही नाही.

---

वेलीवरचा_आनंद

+१ दोघांनाही. वाचनखूण साठवली.

---

शेतनोंद

काका आणि ताईंच्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे नेतो. काय ऑनलाइन शिकावं आणि काय बागेतच, हे वेगळं करून ठेवलं तर दोन्हीकडचा वेळ वाचतो.

छाटणीचा काप, काडीची निवड, विरळणीचा (घड मोकळे करण्याचा) हात हे बागेतच. पण औषधांच्या अवशेषांचे नियम, पाणी आणि मातीचे अहवाल वाचणं, खतांचा हिशोब, हवामानाचा अंदाज आणि रोगाचा संबंध हे मला ऑनलाइनच जास्त चांगलं कळलंय असं वाटतं. कारण तिथे आकड्यांचे तक्ते असतात. समोरच्या सभागृहात मागच्या रांगेतून तक्ता दिसतच नाही. फोनवर थांबवता येतं, मोठा करून बघता येतो.

यूट्यूबवर लाइव्ह असेल तर चालू असतानाच मागे जाता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. आयोजकांनी ती सोय बंद केली नसेल तर खालची रेघ मागे ओढा, हुकलेलं वाक्य ऐका, आणि लाइव्हवर दाबून परत पुढे या. झूमवर ते चालत नाही. तिथे स्क्रीनशॉट काढायची घाई करावी लागते. स्क्रीनशॉट काढताना स्लाइडचा मथळा आणि खालचा कोपरा दोन्ही आले पाहिजेत. कादवाकाठ दादांचं दीड एकर त्या कोपऱ्यात होतं.

---

कादवाकाठ

स्क्रीनशॉटवरून आठवलं. पूर्वी माझ्या फोनमध्ये सात-आठशे स्क्रीनशॉट होते आणि गरजेला एकही सापडायचा नाही. आता अवस्थेच्या नावानं फोल्डर केलेत: पोंगा, पाच पानं, फुलोरा, सेटिंग (मणी धरणं), पाणी उतरणं (मण्यात गोडी भरू लागणं). खरड छाटणीचे वेगळे. सत्र कुणाचं होतं हे मला सहा महिन्यांनी आठवत नाही, पण बाग आज कुठल्या अवस्थेत आहे हे रोज माहीत असतं. बागेला ज्या अवस्थेत हात लावणार, त्याच्या आदल्या रात्री ते फोल्डर उघडतो.

रेकॉर्डिंगचंही तसंच. सूक्ष्म घडनिर्मितीवरचं (काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होतो त्यावरचं) सत्र जूनमध्ये ऐकलं तर उपयोग, डिसेंबरात ऐकलं तर कान सुखावतात एवढंच. आता मी विषय बघतो, बागेचा दिवस बघतो आणि मगच बसतो. बाकीच्या लिंका जपून ठेवतो, त्यांचा दिवस आला की लावतो.

---

पिंपळगाव_बसवंत_७

प्रश्न कसा विचारायचा यावर कुणी लिहील का? माझा प्रश्न कधीच घेत नाहीत. तीन वर्षांत एकदाही नाही. मी दर वेळी चॅटमध्ये टाकतो.

---

शेतनोंद

भाऊ, चॅट सांभाळायला मी स्वतः अनेकदा बसलोय, म्हणून आतून सांगतो. दोन-तीनशे लोक असतात. त्यातले शंभर जण "नमस्कार सर", "आवाज येत नाही", "राम राम" लिहितात. त्यात प्रश्न येतो: "सर डाऊनी आलीय काय मारू". हा मी वक्त्याकडे पाठवू शकत नाही. पाठवला तर ते पाच उलट प्रश्न विचारतील आणि तोवर विचारणाऱ्याचं नेटवर्क गेलेलं असतं.

हाच प्रश्न असा आला तर मी सगळ्यात आधी उचलतो:

"थॉमसन, डॉगरीज खुंटावर. छाटणी ५ ऑक्टोबर, आज ३८ वा दिवस, फुलोरा ५० टक्के. परवा रात्री १२ मिमी पाऊस. पानाखाली पांढरी बुरशी, घडावर अजून नाही. शेवटची आंतरप्रवाही फवारणी पावसाआधी ४ दिवस. आता घड वाचवायला आधी काय?"

हे ऐन वेळी टाइप होत नाही. सत्राच्या दुपारीच लिहून फोनच्या नोंदवहीत ठेवा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत एकदा टाका, प्रश्नोत्तरं सुरू झाली की परत एकदा. झूममध्ये प्रश्नांचा वेगळा चौकोन असेल तर तिथेच टाका, चॅटमध्ये तो वाहून जातो. आयोजक आधी गुगल फॉर्म पाठवतात तो भरा. भरणारे फार थोडे असतात, म्हणून फॉर्ममधले प्रश्न बहुतेक वेळा घेतले जातातच.

---

पिंपळगाव_बसवंत_७

मनापासून धन्यवाद. मी खरंच "काय मारू" असंच विचारत होतो.

---

मणेराजुरीची_लेक

एक छोटी गोष्ट मी करते. झूममध्ये आपलं नाव बदलता येतं. मी "तासगाव, सोनाका, छाटणी २८ सप्टें" असं नाव ठेवते. एकदा वक्त्यांनी माझ्या नावाकडे बघून स्वतःच विचारलं, "तासगावच्या ताई, तुमच्याकडे परवाच्या पावसात काय झालं?" हात वर करायचीही गरज पडली नाही.

---

आडगावची_सून

हे नावाचं फार आवडलं. आजच करते.

---

फ्रेस्नोकर

मी मूळचा ओझरचा, आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये काम करतो. हा बेदाण्याचा भाग आहे, थॉमसन सीडलेस इथेही खूप आहे. गावाकडचे मित्र इथल्या विद्यापीठाच्या विस्तार सेवेची ऑनलाइन सत्रं बघतात आणि मला विचारतात, म्हणून लिहितो.

आधी वेळेचं. इथल्या सकाळी ९ चं सत्र म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तेच साडेदहा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेनऊ. माझा एक मित्र यामुळे सलग दोन सत्रं हुकला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. इथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो. छाटणी वर्षातून एकदा, विश्रांतीच्या काळात. आपण महाराष्ट्रात दोनदा छाटतो आणि आपला वेल कधी तसा झोपतच नाही. इथल्या खोऱ्यात उन्हाळा कोरडा, पाऊस जवळपास नसतोच. त्यामुळे इथला मोठा शत्रू भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी). डाऊनीचा तसा त्रास नाही. इथल्या फवारणीचं वेळापत्रक नाशिकला जसंच्या तसं लावलं तर ऑक्टोबरच्या पावसात बाग उघडी पडेल. वेळापत्रक इथलं उचलू नका. पण कॅनोपीतून हवा आणि ऊन कसं खेळवायचं, फवारा पानाच्या मागे पोचतो की नाही हे कसं तपासायचं, हे जरूर घ्या. ते कुठल्याही देशात सारखंच.

तपासायचं म्हणजे काय ते सांगतो. पिवळे कागद मिळतात, त्यावर पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा डाग उमटतो. ते वेलीत पिनेनं लावायचे, एक पानाच्या वर, एक पानामागे, एक घडाजवळ, आणि नुसत्या पाण्यानं ब्लोअर फिरवायचा. मी सुट्टीत गावी आलो तेव्हा भावाच्या बागेत लावले. वरचे निळेशार. घडाजवळचा जवळपास पिवळाच. भाऊ दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग ट्रॅक्टरचा वेग कमी केला, नोझलची दिशा बदलली, परत लावले. तीन फेऱ्यांत घडाजवळचा कागद निळ्या ठिपक्यांनी भरला. पहाटे दव असताना लावू नका, दवानंच निळे होतात.

हे मी इथल्या एका ऑनलाइन सत्रात बघितलं होतं. त्या एका तासातलं एवढंच घेतलं.

---

कादवाकाठ

फ्रेस्नोकर, माझ्या त्या दीड एकरात घडावर औषध पोचत होतं की नाही, हे मी कधी तपासलंच नव्हतं. निम्मं औषध, आणि तेही पानांवरच थांबत असेल तर पुढचं झालं ते होणारच होतं. असे कागद आपल्याकडे कुठे मिळतात ते बघतो.

---

बोरामणीचे_काका

कागदाची युक्ती मी आज पहिल्यांदा ऐकली. चाळीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

---

द्राक्षवेल_९९

कंपन्यांच्या वेबिनारबद्दल बोला की कुणीतरी. गेल्या वर्षी एका सत्रात दीड तास एकाच टॉनिकचं कौतुक चाललं. शेवटी विक्रेत्याचा नंबर. मी घेतलं, पंधरा हजार गेले, फरक काही दिसला नाही. आता मी कंपनीचं सत्र असलं की उघडतच नाही.

---

शेतनोंद

भाऊ, तुमचा राग समजतो. पंधरा हजार ही छोटी रक्कम नाही. पण सगळंच बंद करू नका. औषधाची सगळ्यात बारीक माहिती ते बनवणाऱ्याकडेच असते. पावसाच्या किती तास आधी मारलं तर धुऊन जात नाही, कशात मिसळायचं नाही, हे ते नीट सांगतात. फक्त तिथे काही गोष्टी विचारल्याशिवाय उठायचं नाही.

ब्रँडचं नाव बाजूला ठेवून आतला घटक कोणता? द्राक्षावर त्याचा लेबल क्लेम (या पिकासाठी अधिकृत नोंदणी) आहे का? फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस? बुरशीनाशक असेल तर कुठल्या गटातलं? एकाच गटाची औषधं पाठोपाठ मारली की बुरशी सरावते, मग दुकानात नाव वेगळं आणि बागेत परिणाम शून्य. टॉनिक असेल तर चाचणी कुठे झाली, शेजारी न फवारलेली ओळ ठेवली होती का, हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

निर्यातवाल्यांनी तर हे सोडूच नये. २०१० च्या हंगामात सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना विचारा. सीसीसी आपल्याकडे वर्षानुवर्षं शेंड्याची वाढ रोखायला वापरात होतं, ओळखीचं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. आता अवशेष नियंत्रणाच्या कार्यक्रमात शिफारशीच्या औषधांची यादी येते, जिला आपण परिशिष्ट ५ म्हणतो. सत्रात ऐकलेलं प्रत्येक नाव चालू हंगामाच्या यादीत शोधा. दोन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग बघत असाल तर दुप्पट काळजी घ्या. सत्र जुनं होत नाही, यादी जुनी होते.

---

द्राक्षवेल_९९

न फवारलेल्या ओळीचा मुद्दा लक्षात आला. मी सगळ्या प्लॉटवर मारलं होतं. तुलना करायला काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळे फरक पडला की नाही हेही आज खात्रीनं सांगता येत नाही.

---

कादवाकाठ

द्राक्षवेल, आता माझा नियम असा आहे: ऑनलाइन ऐकलेली नवी गोष्ट पहिल्या वर्षी एकाच ओळीवर. शेजारची ओळ नेहमीसारखी. ओळीच्या पहिल्या खांबाला लाल फीत आणि वहीत तारीख. काढणीला दोन्ही ओळींचे घड वेगळ्या क्रेटमध्ये, वजन वेगळं. गेल्या तीन हंगामांत सात गोष्टी करून बघितल्या. दोन ठेवल्या, पाच सोडल्या. त्या पाचांवर अख्ख्या बागेचा खर्च झाला नाही.

अवांतर: फवारणी करताना कानात सत्र लावू नका. आमच्या गावात एकजण लावतो. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, ब्लोअर मागे, आणि लक्ष फोनमध्ये. रेकॉर्डिंग रात्रीही बघता येतं.

---

मणेराजुरीची_लेक

आता मला जे सांगायचं होतं ते सांगते. या धाग्यावर सगळे मालकांबद्दल बोलतायत. विरळणी कोण करतं? डिपिंग कोण करतं? आमच्याकडे गावातल्या बायांची टोळी असते, नाशिककडे पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. सत्रात शास्त्रज्ञ तासभर सांगतात की घडात किती पाकळ्या (घडाच्या बाजूच्या छोट्या फांद्या) ठेवायच्या, कुठली काढायची. ते ऐकतो बागायतदार. सकाळी तो टोळीला एका वाक्यात सांगतो, "जरा मोकळं करा घड." ज्यांच्या हातात कात्री आहे त्यांच्यापर्यंत तो तास कधी पोचतच नाही.

गेल्या वर्षी मी एक केलं. विरळणीच्या सत्राचं रेकॉर्डिंग उतरवून घेतलं, त्यातली बारा मिनिटं निवडली. शेडमध्ये बेदाण्याच्या जाळ्यांपुढे टीव्ही मांडला आणि कामाच्या पहिल्या सकाळी चहाबरोबर टोळीला दाखवलं. त्या अर्ध्या तासाची मजुरी धरली, हे महत्त्वाचं. फुकट बसायला कुणी येत नाही आणि येऊही नये. मग बागेत जाऊन सगळ्यांनी मिळून एकच घड केला. प्रत्येकीनं आपला घड दाखवला. दोघींचे हात इतके नेमके होते की मी त्यांनाच बाकीच्यांना शिकवायला सांगितलं.

यावर्षी मी पुढचं ठरवलंय. सत्र लाइव्ह असेल तेव्हाच त्यांना बसवणार. त्यांचा प्रश्न त्यांनीच विचारायचा.

---

बोरामणीचे_काका

हे कर. आणि काय झालं ते इथे लिही. आम्ही वाट बघू.

---

फ्रेस्नोकर

ताई, नक्की लिहा. इथे मजूर मेक्सिकन आहेत, आणि स्पॅनिशमधून वेगळी सत्रं होतात. त्यांना येऊन बसायचा पगार मिळतो, हे मी आमच्या पॅकहाउसमध्ये बघितलंय.

---

वेलीवरचा_आनंद

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

मणेराजुरीची_लेक
*(दोन महिन्यांनी)*

धागा वर काढतेय. काका वाट बघत होते म्हणून.

काल संध्याकाळी विरळणीवर लाइव्ह सत्र होतं. अकरा जणी आल्या. सात वाजता लाइट गेली. मी फोनवरूनच चालू ठेवलं, आवाज वाढवून पाटीवर ठेवला, सगळ्या गोल बसल्या. नाव ठेवलं होतं "मणेराजुरी विरळणी टोळी". प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा हात वर केला. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू, वीस वर्षं कात्री धरतायत, त्यांच्यापुढे फोन धरला. आधी नको नको म्हणाल्या. मग विचारलं, "साहेब, शेंडा आधी मारायचा का पाकळ्या आधी काढायच्या? दर मालक वेगळं सांगतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग सर म्हणाले, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. त्यांनी घडाचं चित्र काढून दाखवलं. शेंडा आधी. शेंडा गेला की घडाची लांबी ठरते, मग किती पाकळ्या ठेवायच्या ते मोजता येतं. आधी पाकळ्या काढल्या आणि नंतर शेंडा मारला तर हिशोब चुकतो, घड विरळ राहतो. पंधरा मिनिटं त्याच एका प्रश्नावर गेली.

आज सकाळी साडेसातला काकू सगळ्यांच्या आधी बागेत होत्या. पहिल्या ओळीतला पहिला घड त्यांनी धरला, शेंडा मारला, मग एकेक पाकळी मोजत वर गेल्या. बाकीच्या दहाजणी बघत उभ्या होत्या. ओळीला लाल फीत बांधलीय, कादवाकाठ दादा. शेजारची ओळ जुन्या हातानं केली आहे. वजन काढणीला कळवते.